भिंतीच्या बाई

भिंतीच्या बाई कुणाच्याही घरी गेल्या की आधी भिंतीला हात लावत आणि मग माणसांना नमस्कार करत. हातसुद्धा पालथा. तळहात लबाड असतो, असं त्यांचं मत होतं. दिवसभर पिशव्या आणि भांडी धरून त्याला स्वतःचंच काही कळेनासं झालेलं असतं. उंबरठ्याच्या आत पाऊल टाकून, चपला काढता काढता, त्या मुठीची पाठ दगडावर टेकवायच्या, डोळे बारीक करायच्या आणि पाण्याचा तांब्या घेऊन आलेल्या घरच्या बाईला विचारायच्या, "इकडे उत्तर ना?" ती बिचारी गोंधळून नवऱ्याकडे पाहायची. नवरा विचारात पडायचा. आपण ज्या घरात जन्मलो, त्याची उत्तर कुठे हे पुष्कळांना सांगता येत नसे.

सई, अर्णव, तुम्ही त्यांना लहानपणी पाहिलं आहे. परभणीच्या आपल्या घरी एक उंच, सुती साडीतल्या आजी यायच्या आणि खाऊ हातात देण्याआधी तुमच्या नाकाचा शेंडा गार आहे का ते बघायच्या, त्या ह्याच. मागच्या फोनवर सईने विचारलं की तुमच्याकडे एवढा उन्हाळा, मग घरातून ऊब किती बाहेर जाते हे कुणी कशाला मोजेल? प्रश्न बरोबर आहे. उत्तर लांब आहे आणि मला हल्ली फोनवर लांब बोलवत नाही. म्हणून रोज सकाळी बसून थोडं थोडं लिहिते आहे. अवघड वाटेल तिथे आईकडून वाचून घ्या.

आपल्या परभणीला थंडी पडते, हे आधी मान्य करा. तुमच्याकडच्यासारखी नाही, पण तुमच्याकडे घर गरम करायची सोय असते. इकडची सगळी घरं उन्हाळ्याच्या धास्तीने बांधलेली. डिसेंबर-जानेवारीत दुपारी ऊन चटका देतं आणि पहाटे बोटं वळत नाहीत. त्यावर उपाय म्हणजे वाकळ, शेकोटी आणि सकाळची वाट पाहणं. जुन्या दगडी घरांत राहणारे लोक मात्र छाती पुढे काढून सांगतात की दगडाचं घर उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात उबदार. हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं आहे की त्याची शंका घ्यावी असं मला कधी वाटलं नाही.

बाईंना वाटलं. त्या आणि मी एकाच कॉलेजात होतो, मी इंग्रजी शिकवायची आणि त्या भौतिकशास्त्र. स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारी होत्या. त्यांचं लहानपण पूर्णेच्या बाजूला एका दगडी घरात गेलं. त्यांची आईही तेच वाक्य म्हणायची, आणि बाईंना मात्र त्या घरातलं आठवायचं ते रात्र रात्र कुडकुडणं. "आई खोटं बोलणारी नव्हती, आणि मी थंडी विसरणारी नाही," त्या मला म्हणाल्या होत्या. "दोघींपैकी कोण खरं, एवढं बघायचंय." निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रेला जातात. बाईंनी पुण्यातल्या एका जुन्या विद्यार्थ्याकडून यंत्र मागवलं.

यंत्र म्हणजे पापडाएवढी एक चकती. ती उत्तरेच्या, ऊन न लागणाऱ्या भिंतीवर आतल्या बाजूने घट्ट चिकटवायची. तिच्यातून जेवढी उष्णता भिंतीत शिरते तेवढी ती टिपून ठेवते. सोबत दोन तारा, एक आतली हवा बघायला आणि एक बाहेरची, आणि हे सगळं आपोआप साठवणारी एक डबी. आत जरा ऊब हवी, म्हणून कोपऱ्यात मंद हीटर. मग एक-दोन आठवडे तिला कुणी हात लावायचा नाही. आपल्याकडे हेच सगळ्यात अवघड. भिंतीवर काही नवीन दिसलं की हात लावल्याशिवाय आपल्याला ते दिसतच नाही. तुमचे आजोबा होते तोवर बाई आल्या की विचारायचे, "काय म्हणतो पेशंट? ताप उतरला का भिंतीचा?" बाई गंभीरपणे सांगायच्या, "उतरतोच आहे हो. रात्रभर उतरतो."

थंडी ही वस्तूच नाही, हे त्यांचं आवडतं भांडण. थंडी आत येत नसते, ऊब बाहेर जात असते, असं त्या भाजीवाल्यापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना समजावत. एकदा पालमच्या एस.टी.त कंडक्टर ओरडला की मावशी, काच लावा, थंडी आत यायलीय. बाईंनी काच लावली आणि त्याला शांतपणे सांगितलं की थंडी येत नाही, आपली ऊब बाहेर चालली आहे. तो तिकिटं फाडता फाडता म्हणाला, "जाऊ द्या की मग. तिचं कुठं तिकीट काढलंय तुमी." सगळी गाडी हसली. बाई सगळ्यात जास्त हसल्या आणि पुढे कितीतरी दिवस हा विनोद त्यांनी मलाच पुन्हा पुन्हा सांगितला, मी शेजारी बसले होते हे विसरून.

लोक त्यांना काय समजत, याची गंमत होती. झरीला एका घरात त्यांना पुरातत्त्ववाल्या समजून चहाबरोबर पितळी नाणी दाखवली. चुडाव्याला त्याहून बरं झालं. तिथे स्टेशनपासून चालत एका शेतकऱ्याच्या जुन्या घरी त्यांनी चकती लावली आणि काम झाल्यावर काढून आणली. महिन्याभराने आम्ही दोघी पुन्हा गेलो तर नेमक्या त्या जागी भिंतीला भलं मोठं भगदाड. शेजारपाजाऱ्यांची खात्री होती की कॉलेजच्या बाई एवढे दिवस एकाच दगडावर यंत्र लावून बसतात त्या अर्थी आत गुप्तधन असणार. घरधनी मान खाली घालून उभा. मी ओशाळले, आपल्यामुळे एका घराची भिंत फुटली, असं मला वाटलं. बाई वाकून भगदाडात बघत होत्या. त्यांनी विचारलं, काय निघालं? तो म्हणाला, माती आन् दगडाच्या चिपा. बाई म्हणाल्या, "ओली होती का कोरडी?" त्याला हसावं की रडावं ते कळेना. त्या दिवशी मला कळलं की जाड दगडी भिंत म्हणजे एक भिंत नसते. आतून एक दगडाचा थर, बाहेरून एक, आणि मधे चिखल न् खडे भरलेले. बाई म्हणायच्या, भिंतीचं खरं काय ते मधे असतं.

आता पालमजवळच्या मठाची गोष्ट सांगते. सगळं सांगायला घेतलं ते तिच्यासाठीच.

तिथे एका गावात लिंगायतांचा जुना मठ आहे आणि मठाला लागून दगडी धर्मशाळा, एकच लांबलचक खोली. दिवाळी झाली की आसपासच्या गावांतली माणसं ऊसतोडीला जातात. त्यांच्या मुलींची शाळा बुडू नये म्हणून मठाने त्या खोलीत वसतिगृह चालू केलेलं. बाईंची एक जुनी विद्यार्थिनी, कावेरी, तिथली अधीक्षिका होती. तिचं म्हणणं, मुली रात्रभर कुडकुडतात, खोकतात, उत्तरेच्या भिंतीकडे कुणी झोपायला तयार नाही. त्या भिंतीला आतून फळ्या नाहीतर चटया लावून द्या. मठाचा कारभार बघणाऱ्या पंचांचे प्रमुख अप्पा. पालमला त्यांचं आडतीचं दुकान, गावात शेती, बोलायला गोड आणि मुलींच्या जेवणात कधी हात आखडता घेतला नाही असा माणूस. पण ती धर्मशाळा त्यांच्या पणजोबांनी बांधलेली. दगडात कुठं थंडी असते का, पोरी नव्या आहेत, होईल सवय, एवढंच ते म्हणत. कावेरी दर हिवाळ्यात सांगे आणि दर हिवाळ्यात सवयीची वाट बघायला सांगितलं जाई.

शेवटी कावेरीने बाईंना बोलावलं. अप्पा नाही म्हणाले नाहीत. मोजा म्हणाले, एकदाचा सोक्षमोक्ष लागू द्या. भिंत नापास झाली तर फळ्या मारू, पास झाली तर कावेरीबाईंनी पुन्हा हा विषय काढायचा नाही. बाईंनी आणि कावेरीने हे कबूल केलं. म्हणजे त्या वीस-पंचवीस मुलींचे पुढचे सगळे हिवाळे त्या पापडाएवढ्या चकतीवर येऊन बसले.

चकती लावली त्या दिवशी मी बरोबर होते. स्वयंपाकाच्या गंगूमावशी रात्रंदिवस तिथेच राहायच्या, म्हणून बाईंनी राखणीचं काम त्यांच्यावर सोपवलं. हात लावू नका, पोरींना लावू देऊ नका, जवळची खिडकी उघडू नका, वारं लागू देऊ नका. गंगूमावशींनी पदर खोचून सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, काही काळजी करू नका. मधे एकदा बाई जाऊन चकती नीट चिकटलेली आहे ना ते पाहून आल्या. जाण्याआधी त्या नेहमी कावेरीला फोन करत.

आकडा आला तो फार सुंदर होता. त्या भिंतीतून ऊब जवळजवळ जातच नव्हती. परतीच्या एस.टी.त बाई खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. पालम मागे पडलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आई खरं बोलत होती." इतकी वर्षं आईवर मनात ठेवलेला एक संशय फिटल्यावर माणूस जसा बसेल तशा त्या बसल्या होत्या. मुली का कुडकुडतात मग, असं मी विचारलं. दारं, खिडक्या, छत, काहीही असेल, त्या म्हणाल्या. पण भिंत नाही.

अप्पांना फोनवर निकाल कळला आणि त्यांनी आम्हा दोघींना येळवशीला जेवायला बोलावलं. येळवस म्हणजे आपल्याकडची मार्गशीर्षाच्या शेवटची अमावास्या. त्या दिवशी गावात कुणी राहत नाही. सगळे शेतात जातात, कडब्याची कोप, म्हणजे छोटी झोपडी, उभी करतात, तिच्यात पाच दगड रंगवून पूजा करतात आणि तिथेच भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील असं जेवण होतं. ही भज्जी तळलेली नव्हे. सगळ्या शेंगा आणि पालेभाज्या एकत्र शिजवलेली दाट भाजी. तुम्हाला ती आवडली नव्हती. अप्पांच्या शेतात निम्मं गाव होतं. वसतिगृहाच्या मुलीही ट्रॅक्टरमधून आणल्या होत्या.

पंगतीत अप्पांनी सगळ्यांसमोर बाईंचं कौतुक केलं. आमच्या पणज्याचं काम आज शास्त्रानं पारखून घेतलं, असं काहीसं म्हणाले. मग कावेरीकडे वळून हसत म्हणाले, "काय कावेरीबाई, आता तर भिंतीनंच साक्ष दिली. पुढल्या साली तरी आमाला तरास न्हाई ना?" कावेरी पानाकडे बघत बरं म्हणाली. तिच्या पलीकडे एक मुलगी रुमालात खोकत होती. तिच्याकडे कुणी पाहिलं नाही. मीही तेव्हा पाहिलं नाही, आता आठवतं.

गंगूमावशी आंबील वाढत होत्या. त्यांनाही कौतुकाचा वाटा हवा होता, आणि का नसावा.

"माझं बी नाव घ्या की, अप्पा. लेकरावानी राखलंय मी त्या चकतीला."

"राखलंय म्हणजे काय काय केलंत, मावशी?" बाईंनी सहज विचारलं.

"काय काय म्हंजे? तुमीच म्हणलात न्हवं, वारं लागू द्यायचं न्हाई. मग बाळतिनीला कसं झाकत्यात, तसं झाकलं. दोन वाकळा. वरची माझी सोताची."

"रोज?"

"रोज की. तुमी येनार म्हणून कावेरीबाई सांगायच्या, तेव्हा काढून ठिवायची. तुमाला ते बघायचं ऱ्हायचं म्हणून."

मी बाईंकडे पाहिलं. कावेरीलाही वाकळी दिसल्या असतील, पण त्या बाईंनीच घालायला सांगितल्या असं तिला वाटलं असावं. चकतीवर दोन वाकळी पांघरल्यावर तिच्यापर्यंत ऊब पोचणार कशी? भिंतीतून ऊब जात नव्हती असं नाही, त्या तेवढ्या तुकड्यात ती शिरतच नव्हती. मलासुद्धा एवढं कळलं. मी हळूच इंग्रजीत म्हणाले की आज नको, घरी जाऊन फोन करा. बाईंनी पानातलं सगळं संपवलं, आंबीलसुद्धा शेवटपर्यंत प्यायल्या. हात धुतले. मग कडुलिंबाखाली अप्पा चारचौघांत बसले होते तिथे गेल्या. मी मागे गेले, कारण त्यांना उठताबसता आधार लागायला लागला होता.

"अप्पा, मी दिला तो आकडा भिंतीचा नाही," बाई म्हणाल्या. "तो वाकळीचा आकडा आहे."

मग त्यांनी सगळं सांगितलं, सावकाश, वर्गात सांगावं तसं, आणि त्यात गंगूमावशींचा दोष नाही, नीट न सांगितल्याचा आपलाच दोष आहे, हेही सांगितलं. बसलेल्यांपैकी एक जण हसला. अप्पांचा चेहरा उतरला.

"सनाच्या दिवशी, चार मानसांत ही शोभा करायलाव बाई तुमी?"

"ऐकलं चार माणसांनी. मग सुधारून एकट्याला कसं सांगू?"

अप्पा जमिनीकडे बघत म्हणाले, "मला वाटलं, तुमी आमच्या बाजूच्या हाव."

"होतेच मी," बाई म्हणाल्या. "अजून आहे."

गंगूमावशी कोपेमागे डोळे पुसत होत्या. बाई त्यांच्याजवळ जाऊन बसल्या. त्यांना सांगितलं की ह्या चकतीची इतकी काळजी आजवर कुणी घेतली नव्हती, आणि मग शिक्षिकाच त्या, लगेच विचारलं की वाकळीत आत काय काय भरलं आहे. जुनी लुगडी, मावशी म्हणाल्या, सासूचं बी एक हाय.

दुसऱ्यांदा मोजलं ते संक्रांत झाल्यावर, आणि या वेळी चकतीजवळ कुणी गेलं नाही. आकडा वाईट आला. नुसता वाईट नाही, दगडाच्या एवढ्या जाड भिंतीचा यायला हवा त्याहून पुष्कळ वाईट. त्या दिवशी गाडीत मी विचारलं, मग आईचं काय? बाई थकल्या होत्या. डोळे मिटूनच म्हणाल्या, "आई चुलीपाशी झोपायची आणि मी भिंतीपाशी. दोघी खऱ्या होतो."

पण आकडा इतका वाईट का, हे त्यांना सोडवेना. पुढच्या खेपेला त्या धर्मशाळेच्या मागच्या बाजूला गेल्या. तिथे काटेरी झुडपं होती, एरवी कुणी जात नसे. वर माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, पाणी बाहेर टाकणारी पन्हाळ मोडलेली होती. पाऊस पडला की सगळं पाणी भिंतीच्या पोटात. दगडांवर पांढरा लोणा, ओलीबरोबर वर येणारा खार, फुटला होता. बाईंनी सांध्यातली माती टोकरून माझ्या हातावर ठेवली. पाऊस जाऊन महिने झाले होते आणि ती माती ओली होती. ओली भिंत कोरडीपेक्षा कितीतरी जास्त ऊब पिते, त्यांनी सांगितलं; ओला सदरा घालून वाऱ्यात उभं राहिल्यासारखं. मला वाटतं त्यांना आनंद झाला होता. "भिंत वाईट नाही हो. भिंत ओली आहे. पन्हाळ नीट करा, वाळेल."

हा निरोप कावेरीने अप्पांना दिला, कारण अप्पा बाईंना भेटत नव्हते. आधी वाकळ, आता पाणी, उद्या म्हणतील भुताटकी हाय, असं उत्तर आलं. फळ्यांचं कबूल केलं होतं, तेही राहून गेलं. पणज्याच्या दगडाला खिळा मारायचा नाही असा नवीनच नियम निघाला. पन्हाळ तशीच राहिली. खिळा चालत नव्हता, पण भिंतीत मुळातच जुन्या लाकडी खुंट्या होत्या. गंगूमावशींनी गावातून जुनी लुगडी मागून आणली, मुलींना घेऊन वाकळी शिवल्या आणि त्या भिंतीवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत टांगल्या. एवढ्याने किती फरक पडेल असं कावेरीने विचारलं तेव्हा बाईंना ते नेमकं माहीत होतं. आपल्याच चुकीच्या आठवड्यांत त्यांनी तेच तर मोजलं होतं.

फरक पडला, पण पुरेसा नाही. वाकळीमागे ओल साचायची, वास यायचा, उन्हात टाकाव्या लागायच्या. बाई पुढचे दोन हिवाळे जात राहिल्या. मठात चहा विचारला जात नसे. आम्ही शाळेच्या ओट्यावर बसून डबा खायचो. त्यांचे गुडघे गेले होते, श्वास लागायचा, माझं तेव्हा पाठीचं चालू होतं. एकदा मी वैतागून म्हणाले की त्या वेळी गप्प बसला असता तर अप्पा आज आपल्याशी बोलत असते. बोलत असते तर पन्हाळही आपल्या सांगण्यावरून नीट झाली असती. बाईंनी भाकरीचा तुकडा मोडला.

"खरं आहे. तसं झालंही असतं," त्या म्हणाल्या. "पण तोवर पोरींना थंडी वाजली असती आणि माझा आकडा म्हणाला असता, वाजत नाही."

मग थोड्या वेळाने, "मला लोकांना पटवायचा कंटाळा आलाय हो. मोजायचा अजून नाही आला."

त्याच्या पुढच्या पावसाळ्यात उत्तरेच्या भिंतीने पोट काढलं, म्हणजे मधला भाग फुगून बाहेर आला. अप्पांनी गवंडी बोलावले. त्यांनी चार दगड काढले तर आतून चिखल घरंगळला. कावेरी सांगते, अप्पा बराच वेळ तिथे उभे होते. मग त्यांनी शिडी मागवली आणि त्या वयात स्वतः माळवदावर चढले. पन्हाळ नवी बसवून घेतली, भिंतीची डागडुजी केली, आणि दिवाळी झाल्यावर कावेरीला म्हणाले, बाईला बोलवा, मोजायला सांगा.

तोवर बाई नांदेडला भाच्याकडे गेल्या होत्या. एकट्याने राहणं आता जमत नव्हतं. हृदय थकलं होतं. मी गाडीने गेले, निरोप सांगायला आणि भेटायलाही. त्या पलंगावर उशांना टेकून बसल्या होत्या. सगळं ऐकून त्यांनी पहिलं विचारलं, "अप्पा स्वतः म्हणाले?" फोन कावेरीचा होता, मी सांगितलं, पण मागून अप्पांचा आवाज येत होता, बाईला म्हनावं येळवशीला या. त्या हसल्या. मग कामाचं बोलल्या.

"त्यांना सांगा, आत्ता मोजायचं नाही. एवढी जाड भिंत एका उन्हाळ्यात वाळत नसते. दोन तरी जाऊ द्या. आत्ता मोजलं तर आकडा वाईटच येईल, आणि ते पुन्हा भिंतीवर रुसतील."

मी निघाले तेव्हा त्यांनी माझा हात हातात घेतला. त्यांचे हात गार होते. मी शाल नीट करायला लागले तर म्हणाल्या, राहू द्या, गाडी चुकेल. येळवशीला त्या गेल्या नाहीत. त्यानंतरच्या उन्हाळ्यातच त्या गेल्या. भाच्याचा फोन आला तेव्हा दुपार होती आणि मी कूलरमध्ये पाणी घालत होते. पाणी घालून झालं, मग मी बसले.

अप्पांनी त्यांचा निरोप पाळला. एक उन्हाळा गेला, दुसराही गेला. बाईंच्या हिशोबाने भिंत आता वाळली असेल. यंत्र भाच्याने कॉलेजला देऊन टाकलं आहे, तिथे ते कपाटात आहे. ते लावणारं आणि वाचणारं कुणी आलेलं नाही. मला ते येत नाही. शेजारच्या खुर्चीवर इतकी वर्षं बसूनही मी ते शिकून घेतलं नाही, आणि आता डोळे साथ देत नाहीत.

गेल्या आठवड्यात कावेरीचा फोन आला होता. या हंगामाच्या मुली आल्या आहेत, थंडी पडायला लागली आहे. वाकळी भिंतीवरून काढून उन्हात टाकल्या होत्या, त्या पुन्हा टांगायच्या राहूनच गेल्या, आणि मुली त्या पांघरायला घेतात. हा पुरावा नाही, हे मलाही कळतं. बाई असत्या तर त्यांनी हे ऐकूनसुद्धा घेतलं नसतं. मी फक्त एवढंच विचारलं, मुली खोकतात का?

कावेरी बहुधा आत डोकावून आली. "दोघी खोकायल्यात, मॅडम," ती म्हणाली. "पण त्या दारापाशी झोपतात. भिंतीपाशी न्हाई."